मी दुरुस्तीला होते ते दिवस

मी एक जुनी धुळीची पेटी आहे. पेटी म्हटलं की तुम्हाला भजनातली पेटी आठवेल, नाहीतर आईची लुगड्यांची. तसली मी नव्हे. माझं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. ते माझ्या पाठीवरच्या पत्र्यावर कोरलेलं होतं, आता त्यातली निम्मी अक्षरं झिजून गेली. ज्यांनी मला उचललं, ओढलं, जिन्यावरून चढवलं, ते सगळे मला धुळीची पेटीच म्हणत आले, आणि मला ते नाव आवडतं.

मित्रांनो, आधी माझं काम सांगते. माझ्या पोटात एक मोटर आहे. ती बाहेरची हवा ओढून घेते. ती हवा माझ्या डोक्यावर बसवलेल्या पांढऱ्या कागदातून जाते आणि तिच्यातली धूळ कागदावर अडकून राहते. कागद लावण्याआधी त्याचं वजन करायचं, काढल्यावर पुन्हा करायचं. जेवढं वजन वाढलं, तेवढी धूळ. ती राखेची की रस्त्याची की कोणाच्या चुलीची, हे मला सांगता येत नाही. मी फक्त किती आहे ते सांगते. आणि हो, मी आवाज फार करते, ते लपवून काय उपयोग. मी चालू असले की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. हा आवाज पुढे कामी आला, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

माझा जन्म हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये झाला. पत्रा कापणारा वेगळा, रंग देणारा वेगळा, मोटर बसवणारा वेगळा. मोटर बसवणाऱ्याने मला पहिल्यांदा चालू केलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. मग तो हसला आणि म्हणाला, "दम आहे हिच्यात." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक, ते कसं विसरीन?

नागपुरातल्या एका कॉलेजने मला विकत घेतलं. तेव्हा माझा थाट होता. मला कधी चौकात ठेवत, कधी कन्हानच्या बाजूला, कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याच्या कडेला. लोक गोळा होत. कोणी विचारे, "यातून काय निघते?" विद्यार्थी ऐटीत सांगत, "यातून काही निघत नाही, यात जाते." एकदा वर्तमानपत्रात माझा फोटो आला. फोटोत माझ्याभोवती इतके प्राध्यापक उभे होते की मी कोपऱ्यात जेमतेम दिसत होते, पण दिसत होते.

पुढे नवी यंत्रं आली. ती हळू आवाजात बोलतात, त्यांना पडदा असतो, आकडा आपोआप दिसतो. कागद नको, वजन नको. मला प्रयोगशाळेच्या जिन्याखाली ढकललं. माझ्यावर कोणीतरी संमेलनाचे जुने फलक ठेवले, मग त्यांच्यावर फुटकी कुंडी ठेवली. जिचा जन्म धूळ मोजण्यात गेला तिच्यावर एवढी धूळ साचली, आणि ती मोजायला कोणी आलं नाही. खरं सांगते, मला वाईट वाटलं.

मग गुंजन आली.

गुंजन कन्हानची. वडिलांचं तिथं किराणा दुकान आहे. ती पीएच.डी. करत होती. कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राजवळच्या वसाहतींमध्ये हिवाळाभर घरांच्या गच्चीवर किती धूळ उतरते, हा तिचा विषय. नवी यंत्रं दुसऱ्यांनी आधीच मागून ठेवली होती, म्हणून तिच्या वाट्याला मी आले. पहिल्या दिवशी तिने तोंडाला ओढणी बांधली, माझ्यावरची कुंडी उचलली आणि ओल्या फडक्याने मला पुसून काढलं. पुसता पुसता ती माझ्याशी बोलत होती. "नखरे नको करू वं बाई," ती म्हणाली, "मले तुझ्याशिवाय कोणी नाही." असं म्हटल्यावर कोण नखरे करेल?

तिने मला शोभाताईंच्या गच्चीवर बसवलं. शोभाताई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान रुपराव, तेही निवृत्त. घर कोराडी रस्त्याच्या आतल्या बाजूला, दोन मजली, आणि गच्ची मोकळी, म्हणून गुंजनने ती निवडली. रुपरावांना ऐकू कमी येतं, त्यांना माझा काही त्रास नव्हता. शोभाताईंना मात्र झाला. पहिल्याच दिवशी त्या वर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि गुंजनला म्हणाल्या, "हे असं किती दिवस चालन?"

"हिवाळाभर, काकू."

"मग माझा हिवाळा गेला," असं म्हणून त्या खाली गेल्या. आणि थोड्या वेळाने चहा घेऊन परत आल्या. त्या अशाच आहेत.

हळूहळू त्यांना माझी सवय झाली. गुंजन रोज स्कूटीवर यायची, कागद बदलायची, पाकिटात घालून न्यायची. मधेच वीज गेली आणि आली की शोभाताई वर येऊन माझं बटण दाबायच्या आणि किती वेळ मी बंद होते ते गुंजनला फोन करून सांगायच्या. कधी त्या माझ्या बाजूला उन्हात बसून मुंगवड्या घालायच्या. माझ्या आवाजात कोणाशी बोलता येत नसे, म्हणून त्या गप्प बसायच्या आणि त्यांना ते आवडायलाही लागलं होतं, असं मला वाटतं. गुंजनला ही गच्ची माहेरासारखी झाली. पोहे खाल्ल्याशिवाय शोभाताई तिला जाऊ देत नसत.

संक्रांतीच्या आधी माझी मोटर बसली. आधी चरचर आवाज आला, मग जळका वास, मग काहीच नाही. गुंजनने मला खाली उतरवलं, ऑटोत घातलं आणि नागपुरातल्या महाल भागात भैय्याजींच्या दुकानात नेलं. भैय्याजी मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतात. गल्ली इतकी अरुंद की ऑटो बाहेरच थांबला आणि मला दोघांनी उचलून आत नेलं. भैय्याजींनी माझं पोट उघडलं. "ब्रश गेले, वाइंडिंगही गेलं," ते म्हणाले. "करून देतो ताई, पण घाई नको करू. याचा माल आता मिळत नाही."

गुंजन रडवेली झाली. "भैय्याजी, हिवाळा चालला जाईन."

"मग मी काय करू गा," भैय्याजी शेजारच्या मिक्सरला विचारल्यासारखे म्हणाले, आणि कामाला लागले.

मी तिथं मिक्सरांच्या ओळीत पडून राहिले. बाहेर गल्लीत पोरं पतंग पकडायला धावत होती. संक्रांत गेली. तिळगुळाचे दिवस गेले. रथसप्तमी झाली. त्यानंतर केव्हातरी माल आला आणि मी पुन्हा गच्चीवर चढले. राहिलेली थंडी मी इमानाने मोजली.

मित्रांनो, आता इथे काय झालं ते नीट ऐका. हिवाळा संपल्यावर गुंजन एका दुपारी गच्चीवर आली. मी बंद होते, म्हणून तिने लॅपटॉप माझ्याच पाठीवर ठेवला. तिच्यासमोर आकड्यांचा तक्ता होता. आधीचे दिवस भरलेले, नंतरचे दिवस भरलेले, आणि मधे, मी महालात होते ते दिवस, रिकामे. तिच्या कानाला फोन होता. पलीकडे सुशील सर होते, तिचे मार्गदर्शक. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

"अगं, अलीकडचे पाह्य, पलीकडचे पाह्य, मधात थोडे कमीजास्त करून टाकून दे," सर म्हणत होते. "एवढी मोठी गॅप पाहून छापणारे निबंध वापस करतीन. तुझं वर्ष जाईन. सगळेच भरून राहिले. ते लोक काय कोराडीले येऊन गच्चीवर चढून राहिले?"

सर दुष्ट नव्हते. त्यांना तिची काळजीच होती. तेच तर अवघड होतं. गुंजनने फोन ठेवला आणि तक्त्याकडे पाहत बसली. मग तिने एकेका रिकाम्या घरात आकडा टाकायला सुरुवात केली. माझ्या पाठीवर तिच्या बोटांची टकटक होत होती. मी तर त्या दिवसांत एक कणही ओढला नव्हता, आणि माझ्या नावावर हिशेब चढत होता.

संशोधनाचा निबंध जिच्यात छापतात तिला शोधपत्रिका म्हणतात. आलेला निबंध संपादक त्या विषयातल्या दोन जाणत्या लोकांना वाचायला देतात. ते चुका काढतात, प्रश्न विचारतात. पण ते कागद वाचतात, गच्ची नाही बघत. यंत्र चालू होतं असं लिहिलं असेल तर ते चालू होतं असं धरून पुढे जातात. सारा कारभार विश्वासावर आहे. आमचा निबंध पुण्याच्या एका शोधपत्रिकेने घेतला. वाचणाऱ्यांनी कौतुकही केलं. खंड न पडता इतकी सलग नोंद क्वचित मिळते, असं त्यांनी लिहिलं होतं.

निबंधावर नावं कोणाची टाकायची, हा तर आणखी एक प्रकार. आपल्याकडे लग्नपत्रिका कशी छापतात तुम्हाला माहीत आहे. काका, मामा, आत्याचे यजमान, गावातले मोठे, एकही नाव राहायला नको, नाहीतर रुसवा. पत्रिकेत नाव आलं म्हणून कोणाला मांडवात वाढायला जावं लागत नाही. तो मान असतो. सुशील सरांनी निबंधाची नावंही त्याच हाताने लिहिली. सगळ्यात वर विभागप्रमुख मनोहरराव, कारण ते प्रमुख. मग सर स्वतः. मग सरांचे एक मित्र, ज्यांनी मला कधी पाहिलंही नाही. मग गुंजन, जिने सगळं केलं. आणि शेवटी शोभाताई.

"त्यांची गच्ची, त्यांची वीज," सर म्हणाले होते. "नाव टाकून दे, खुश होतीन."

प्रत्येक लेखकाने निबंध वाचून होकार कळवायचा, असा शोधपत्रिकेचा नियम होता. गुंजनने शोभाताईंच्या नावाने ईमेल उघडला आणि होकाराचं बटण स्वतःच दाबलं. बाकीच्यांचंही असंच कोणीतरी दाबलं असणार.

काम संपलं तरी मला कॉलेजात परत न्यायला गाडी मिळेना. मी तिथेच राहिले, जुन्या चादरीखाली. पावसाळा गेला. कोजागिरीच्या सुमारास पत्रिकेचा छापील अंक शोभाताईंच्या घरी आला. गुंजनने पोस्टाने मागवून दिला होता. शोभाताईंनी तो देवासमोर ठेवला, मग शेजारी दाखवला, मग बहिणीला फोन करून आपलं नाव इंग्रजीत कसं छापलंय ते वाचून दाखवलं. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिकवली, आता स्वतःचं नाव छापून आलं. आनंद व्हायचाच की.

पण त्या शिक्षिका होत्या. प्रश्नपत्रिका हातात आली की आधी वरच्या सूचना वाचायच्या, ही त्यांची सवय. त्यांनी अंक उघडला आणि आधी आतल्या कव्हरवरचे नियम वाचले. इंग्रजी त्यांना जड जातं, म्हणून कोश घेऊन वाचले. त्यात लिहिलं होतं की ज्याचं नाव लेखक म्हणून छापलं आहे, त्याने निबंध पूर्ण वाचलेला असावा आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी त्याच्यावर आहे.

"म्हणजे मले वाचावं लागन," शोभाताई रुपरावांना म्हणाल्या.

"काय?" रुपराव म्हणाले.

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि चटई घेऊन वर आल्या.

माझ्या बाजूला उन्हात बसून त्यांनी तो निबंध वाचला. रोज थोडा थोडा. कोश मांडीवर, चष्मा नाकावर. मित्रांनो, त्या निबंधावर पाच नावं होती, आणि नाव दिल्यानंतर तो अख्खा वाचणारं माणूस मी हे एकच पाहिलं.

एके दिवशी त्या आलेखापाशी आल्या. एक रेघ, वर चढणारी, खाली उतरणारी, आणि तिच्याखाली तारखा. त्यांचं बोट रेघेवरून सरकत होतं. जानेवारीच्या मध्यावर ते थांबलं. त्या स्वतःशीच बोलू लागल्या. संक्रांत. मग हळदीकुंकू. मग रथसप्तमी. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्यावरची चादर बाजूला केली आणि पुन्हा पाहिलं, जणू मी काहीतरी सांगेन.

मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण त्यांना माझी गरज पडली नाही. त्या वर्षीचं हळदीकुंकू त्यांनी गच्चीवर केलं होतं. दरवर्षी खालच्या खोलीत व्हायचं, गर्दी व्हायची. त्या वर्षी मी नव्हते, गोंगाट नव्हता, म्हणून त्यांनी चटया वर घातल्या, सगळ्या वसाहतीतल्या बाया बोलावल्या आणि स्टीलच्या चाळण्या वाण म्हणून लुटल्या. बायांनी गाणी म्हटली. मी ठेवलेली असते त्या कोपऱ्यात गुळाच्या पोळ्यांचं ताट होतं. हे गुंजननेच मला परत चढवताना त्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि ती हसली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुंजनला बोलावलं. ती पेढे घेऊन आली होती. एका कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली होती, तिला मुलाखतीचं पत्र आलं होतं आणि हा निबंध त्या अर्जात सगळ्यात वर होता. हे सगळं ती एका दमात सांगून गेली. शोभाताईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. अंक उघडून तिच्यासमोर धरला.

"गुंजन, इथं रेघ काहून आहे?"

गुंजनने पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"या दिवशी माझ्या गच्चीवर बाया गाणे म्हणत होत्या," शोभाताई म्हणाल्या. "तुझी पेटी असती तर कोणाले ऐकू आलं असतं वं?"

गुंजन माझ्या कडेला टेकून बसली. मग म्हणाली, "काकू, मले वाटलं नाही तुम्ही वाचान म्हणून. कोणीच वाचत नाही. सगळे निसते निबंध मोजतात, किती झाले, किती झाले."

"माझं नाव आहे त्यात. मी नाही वाचणार तर कोण वाचणार?"

"काकू, थोडेच दिवस आहेत. त्यानं काही फरक पडत नाही."

शोभाताईंचा आवाज चढला नाही. पण त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं. "मले वाईट कशाचं वाटून राहिलं सांगू? माझं नाव तू मानानं टाकलं, हे मले माहीत आहे. पण मी परीक्षेत पोरींच्या हातातून कॉपीच्या चिठ्ठ्या घेतल्या आहेत. त्यातली एक पोरगी बाजाराच्या दिवशी भेटते, अजून नमस्कार करते मले. तिनं हे वाचलं तर?" मग त्या म्हणाल्या, "मी पत्रिकेवाल्यांले लिहून माझं नाव काढायले सांगणार आहे. ते विचारतीन, काहून काढता? तेव्हा मी खोटं नाही सांगणार. म्हणून तुले आधी बोलावलं. माझ्या आधी तू सांग."

गुंजन रडली. मुलाखत, वडिलांचं दुकान, वाढत चाललेलं वय, सगळं तिच्या त्या रडण्यात होतं. शोभाताईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पण आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. मला दोघींचीही कीव आली.

पुढच्या रविवारी सुशील सर स्वतः आले, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. गुंजन मागे, मान खाली. सर गच्चीवर खुर्चीत बसले, वसाहतीची, हवेची, शोभाताईंच्या शाळेची चौकशी केली. मग मुद्द्यावर आले.

"ताई, एवढ्या थोड्या दिवसांमुळे निष्कर्ष काही बदलत नाही."

"मग कोरं ठेवलं असतं तरी बदलला नसता ना, सर?"

बर्फीचा डबा सरांनी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवला. "पोरीचं नुकसान होईन," ते म्हणाले. "आणि मनोहररावांचं नाव पहिलं आहे. त्यांले काय सांगू? भडकतीन ते."

"विचारून पाहा," शोभाताई म्हणाल्या.

सरांनी तिथूनच फोन लावला. रुपरावही येऊन बसले होते, त्यांना ऐकू यावं म्हणून शोभाताईंनी सरांना स्पीकर लावायला सांगितला. सरांनी चाचरत चाचरत सांगितलं की सर, आपला तो निबंध, त्यात थोडी गडबड झाली आहे, पत्रिकेला कळवावं लागेल असं वाटतं.

"कोणता निबंध गा?" मनोहररावांचा आवाज आला.

"तो, सर. पुण्याचा. पहिलं नाव आपलंच आहे."

"हां हां. कन्हानच्या पाण्याचा."

"नाही सर. हवेचा. धुळीचा."

मग मनोहरराव म्हणाले, "हवेवर आपण कधी काम केलं?"

गच्चीवर कोणी हसलं नाही. रुपरावांनाही या वेळी सगळं नीट ऐकू आलं होतं. सरांनी फोन ठेवला आणि खाली मान घालून बसले. त्यांचं स्वतःचं नाव दुसरं होतं, आणि त्यांनीही तो आलेख फक्त वरवर पाहिला होता, हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं.

"आम्हालेही असंच शिकवलं होतं, ताई," शेवटी ते म्हणाले. "मोठ्यांचं नाव टाका, रिकामं ठेवू नका. मी तेच हिले शिकवलं." मग ते गुंजनकडे वळले. "काढ लॅपटॉप. पत्र लिहू. आकडे भरायले मी सांगतले होते, हे आधी लिही. तुझ्यावर नको येऊ दे."

गुंजनने लॅपटॉप पुन्हा माझ्या पाठीवर ठेवला. पुन्हा टकटक सुरू झाली. तीच बोटं, तीच पाठ. पण या वेळी मला त्याचं ओझं वाटलं नाही.

मित्रांनो, मला तुम्हाला गोड गोष्ट सांगायला आवडली असती. तसं झालं नाही. पत्रिकेने निबंध मागे घेतला. कुठलाही मागे घेतलेला निबंध पुसून टाकत नाहीत. तो तसाच ठेवतात आणि त्याच्या पानापानावर मोठ्या अक्षरांत छापतात की हा मागे घेतला आहे. गुंजनने अर्जातून तो काढून टाकला आणि मुलाखतीला गेली. ती जागा तिला मिळाली नाही. मनोहरराव सुशील सरांशी बरेच दिवस बोलत नव्हते. सरांच्या मित्राने तर, माझं नाव कोणी टाकलं, असं म्हणून हात वर केले. गुंजन काही दिवस गच्चीवर आलीच नाही, आणि शोभाताई रोज संध्याकाळी वर येऊन रस्त्याकडे पाहत उभ्या राहायच्या. आपण पोरीचं वाटोळं केलं का, असं त्यांनी एकदा रुपरावांना विचारलं. रुपरावांना ऐकू आलं की नाही कोण जाणे, त्यांनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पण संपादकांनी पत्रात एक गोष्ट लिहिली होती. चूक दुसऱ्याने पकडणं आणि लेखकांनी स्वतः येऊन सांगणं, यात आम्ही फरक करतो. जेवढं खरं मोजलं आहे तेवढंच घेऊन, ज्यांनी काम केलं त्यांच्याच नावाने नवा निबंध पाठवा, आम्ही तो नव्याने वाचायला देऊ. गुंजन ते पत्र घेऊन एके सकाळी आली. सोबत पांढऱ्या कागदांचं नवं पाकीट होतं. माझी चादर काढून तिने मला पुसलं. दुसरा हिवाळा सुरू झाला होता, आणि तिने तोही मोजायचं ठरवलं होतं.

नवा निबंध छापून यायला पुढची दिवाळी उजाडली. त्यावर दोनच नावं होती, गुंजन आणि सुशील सर. गुंजनचं आधी. शोभाताईंचं नाव शेवटी, आभारात होतं. गच्ची दिल्याबद्दल आणि यंत्राची देखभाल केल्याबद्दल. हे त्यांनीच सांगून करून घेतलं होतं. आभारात महालातल्या भैय्याजींचंही नाव होतं. गुंजनने अंक नेऊन दाखवला तेव्हा भैय्याजी म्हणाले म्हणे, "याचं काय करू?", आणि मग त्याची फोटोकॉपी काढून दुकानात लावली.

गुंजन आता कन्हानकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. कायमची जागा अजून नाही. मिळेल, असं मला वाटतं. अंक आला त्या दिवशी ती गच्चीवर आली आणि तिने तो निबंध शोभाताईंना पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचून दाखवला. तिसरा हिवाळा लागला होता, मी चालू होते, म्हणून तिला अक्षरशः ओरडून वाचावं लागलं. आलेखापाशी शोभाताईंनी तिला थांबवलं. चष्मा पुसला.

पहिल्या हिवाळ्याची रेघ चढत चढत जानेवारीपर्यंत येत होती आणि तिथे थांबत होती. मग कोरी जागा. मग रथसप्तमीनंतर रेघ पुन्हा सुरू. त्या कोऱ्या जागेखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, या दिवसांत यंत्र दुरुस्तीला होते.

शोभाताईंनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि रुपरावांकडे वळल्या. "हे पाहा," त्या माझ्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "इथं माझं हळदीकुंकू आहे."

रुपरावांनी वाकून पाहिलं आणि समजल्यासारखी मान हलवली. गुंजन हसत होती आणि डोळे पुसत होती.

मित्रांनो, माझं वय झालं आहे. भैय्याजी म्हणतात, आता मोटर गेली तर माल मिळणार नाही. पुन्हा जिन्याखाली जाण्याची वेळ येईल तेव्हा माझ्यावर एखादी चादर तेवढी टाका, कुंडी ठेवू नका. आणि तुम्ही मोठे व्हाल, काही मोजाल, काही लिहाल, तेव्हा माझ्यासारख्या एखाद्या थकलेल्या यंत्राशी तुमची गाठ पडेल. ते मधेच बंद पडेल, तुमचा जीव कासावीस होईल, रिकामी घरं भरून टाकावीशी वाटतील. तेव्हा ती कोरी सोडा. आम्ही बंद होतो ते दिवस बंदच लिहा. आणि ज्या कागदावर तुमचं नाव असेल तो कागद शोभाताईंसारखा एकदा उन्हात बसून वाचा. कोणी येऊन विचारलं, या दिवसांत काय झालं होतं, तर सांगायला शोभाताई आहेत, भैय्याजी आहेत आणि मी आहे.